एका नावाला दोन हजर

कॅल्डर्स लँडिंग, केंटकी
१७ मार्च १९९६

स्वस्ति! डेट्रॉइटनगरनिवासिनी, निवृत्तशिक्षिकाशिरोमणी, प्रश्नपत्रिकाभयंकरी, अखंडमौनव्रतपरायणा, दूरध्वनी-आदळण-कलानिपुणा, ज्येष्ठभगिनी श्रीमती ओडेसा रेनफ्रो यांच्या चरणी – न्यू गिलियड चर्चच्या मुक्तिदिन समितीचा विद्यमान अध्यक्ष, येथील माध्यमिक शाळेतील लॅटिनचा अखेरचा आणि म्हणूनच सर्वश्रेष्ठ अध्यापक, रविवारच्या गायकवृंदातील तृतीय मंद्रस्वर, स्वखर्चाने मुद्रित केलेल्या भेटपत्रिकांचा एकमेव धनी आणि (हे पद कोणी दिलेले नाही, तस्मात् कोणी काढूनही घेऊ शकत नाही) तुझा धाकटा बंधू एरॅस्मस याचा सविनय प्रणिपात.

प्रथम दूरध्वनी करून पाहिला. तुझे ‘हॅलो’ ऐकले. पाठोपाठ तू तो ठेवल्याचे ऐकले. दोन्ही ध्वनी निरोगी वाटले. समाधान पावून लेखणी उचलली.

विषय गंभीर आहे. गेल्या आठ ऑगस्टला, आपल्या पूर्वजांच्या गुलामगिरीतून सुटकेच्या मुक्तिदिनी, हजेरीत आईच्या नावाला दोन आवाज आले.

हजेरी तू विसरली असशील असे मी मानत नाही. मात्र तू तिला ‘मेलेल्यांची शाळा’ म्हणाली होतीस, म्हणून स्मरण देतो. प्रवचन संपले की चर्चचे वडीलधारे सेवक डीकन बकनर उभे राहतात आणि आपल्यातील ‘पहिल्यां’ची नावे पुकारतात : पहिला शिक्षक, पहिला टपालवाला, कचेरीच्या पायऱ्या चढून मतदान करणारा पहिला. ज्याच्या घराचे नाव येते, तो उठून ‘हजर’ म्हणतो. एका नावाला एक घर, एका घराला एक आवाज. दोन आवाज आले, तर ते नाव वर्षभर अधांतरी राहते. पुढच्या आठ ऑगस्टला ते तीनदा पुकारतात. एकच आवाज आला तर राहिले. पुन्हा दोन आले, किंवा एकही आला नाही, तर नाव कायमचे गळले. हा नियम आजोबांच्या काळचा. त्या वेळी एका टपालवाल्यावर दोन घराण्यांनी हक्क सांगितला आणि त्या वादात अनेक टोप्या व रताळ्याचे एक गोड ‘पाय’ पक्वान्न कामी आले, असे वृद्धजन सांगतात.

तर गेल्या वर्षी डीकननी पुकारले, “लिओटा रेनफ्रो, जिल्हा इस्पितळातील पहिली कृष्णवर्णीय परिचारिका.” मी नेहमीप्रमाणे उठलो, कोटाची गुंडी लावली, श्वास घेतला आणि ‘हजर’ म्हटले. माझ्यापूर्वी अर्धा क्षण, मागच्या बाकांवरून कोणा स्त्रीचे ‘हजर’ येऊन गेले होते. मी वळेपर्यंत सगळे मंडळ उठून मटणाकडे निघाले होते, आणि त्या गर्दीत मला टोप्यांखेरीज काही दिसले नाही.

हा कट आहे. समितीची चिटणीस व्हर्बिना क्रचर गेली तीन वर्षे म्हणते आहे, “इतिहास लांबला की मटण थंड होतं.” तिला नावे कमी करायची आहेत. आईचे नाव गळले, की लगेच खाली व्हर्बिनाच्या आजोबांचे, त्या पहिल्या टपालवाल्याचे आहे, ते एका जागेने वर सरकते. कार्यकारणभाव इतका स्वच्छ आहे की मलाच त्याचा संशय येतो.

आपल्या गावात आपल्यापैकी कोणाचा पुतळा नाही. कचेरीसमोर एक दगडी घोडेस्वार आहे. तो कोणाच्या बाजूने लढला ते सर्वश्रुत आहे; आपल्या सुटकेच्या बाजूने नव्हे. आपल्याजवळ फक्त डीकनचा घसा आहे. त्या घशातून आईचे नाव गेले, तर ते या गावात दुसरे कोणीही उच्चारणार नाही.

म्हणून विनंती इतकीच. तू ज्येष्ठ आहेस. रेनफ्रो घराचा आवाज एरॅस्मस हाच होय, दुसरा कोणी असल्यास तो तोतया समजावा, असे चार ओळींत लिहून पाठव. अकरा वर्षांपूर्वी आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणात तू उभी राहून काय म्हणालीस ते मी विसरलेलो नाही : “पहिली म्हणे! धोबीखान्यातून, मागच्या दारानं आत जायची ती! कोळशाच्या खोलीत बसून डबा खायची! ते कोण वाचणार? तुम्ही आपले हजर हजर ओरडा आणि मटण हाणा.” त्यावर मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. तुला आठवत असल्यास कळवू नये.

तुझा,
एरॅस्मस

२१ एप्रिल

ज्येष्ठे,

तुझे पोस्टकार्ड पोचले. एका बाजूस कारखान्याचे रंगीत चित्र, दुसऱ्या बाजूस तुझे साहित्य : “पत्र मिळालं. पहिलं पान वाचलं. सगळं तुझ्या पदव्यांचंच होतं. – ओ.”

अकरा वर्षांनी आलेला हा ग्रंथ मी अनेकवार वाचला. त्यात चार ओळींचे निवेदन कोठेही नाही. दुसरे पान तू वाचले नाहीस, असे तू सुचवतेस. तुझ्या विद्यार्थ्यांनी हेच कारण दिले असते तर तू त्यांना बाकावर उभे केले असतेस. असो.

मी शोध चालू ठेवला आहे. आवाज स्त्रीचा होता, किंचित खालच्या पट्टीतला, आणि त्यात – हे मी कोणाला सांगितलेले नाही – अधिकार होता. विनोद करणाऱ्याचा आवाज असा नसतो. किंवा फार मुरलेल्या विनोद करणाऱ्याचाच असतो. म्हणून मी बुधवारच्या बायबल वर्गात अचानक हजेरी घेण्याची प्रथा सुरू केली. कारण म्हणून ‘शिस्त’ हा शब्द वापरला. चर्चमधील प्रत्येक स्त्रीने माझ्यासमोर ‘हजर’ म्हटले आणि मी डोळे मिटून ऐकले. मिस पर्ल टॉलिव्हरने विचारले, “ब्रदर रेनफ्रो, झोप झाली नाही का?” व्हर्बिना क्रचरने ‘हजर’ म्हणण्याऐवजी “दिसत नाही का?” असे म्हटले. ती आवाज लपवते आहे. संशय दृढ झाला.

नंतर डीकन बकनरांना गाठले. ते अंगणात टोमॅटोची रोपे लावत होते.

“डीकन, तुम्ही समोर उभे होतात. बोललं कोण, ते तुम्हाला दिसलं असणार.”

“मला चष्म्याशिवाय तू पण दिसत नाहीस.”

“आवाज तरी ओळखीचा वाटला?”

त्यांनी एका रोपाभोवतीची माती दाबली, मग पुन्हा दाबली. “फार ओळखीचा वाटला. म्हणूनच मी बोलत नाही.”

“म्हणजे कोणाचा?”

“एरॅस्मस, तुझं घर तू बघ. मला ही रोपं बघू दे.”

तेही कटात आहेत की काय! एवढी वर्षे ज्यांच्या पाठीमागे मी भजने म्हटली, त्या मनुष्याने माझ्याकडे पाठ केली आणि रोपांना पाणी घातले.

निवेदन लवकर पाठव. ते तिसऱ्या पानावर लिहिलेस तरी मी शेवटपर्यंत वाचेन. आमच्याकडे तशी पद्धत आहे.

एरॅस्मस

९ जून

ओडेसा,

आज पदव्यांना रजा.

काल चर्चच्या तळघरात समितीची सभा झाली. मी उठलो, घसा साफ केला आणि रोमन वक्त्या सिसेरोला शोभेल अशा रीतीने आरंभ केला, “या सभेत अशी एक व्यक्ती बसली आहे, जिने एका दिवंगत मातेच्या नावावर...”

“माझं नाव घे, एरॅस्मस,” व्हर्बिना म्हणाली. “माझ्या चहातला बर्फ वितळतोय.”

“घेतो! गेल्या आठ ऑगस्टला तुझ्या बाकाच्या मागून जो आवाज आला...”

“मागून आला ना? मग माझा कसा असेल? माझं तोंड पुढे आहे.”

सभा हसली. मी मेजावर हात आपटला. “मग तू कोणाला तरी तिथं बसवलं होतंस!”

“मी कुणाला बसवलं नाही. ती आली, जागा दे म्हणाली. मी मागच्या बाकावर ठेवलेली पर्स उचलली.”

“ती कोण?”

व्हर्बिनाने चहा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. ते जाताना पाहून मला वाटले, आता हिला माझी कीव येणार. ती आली.

“अरे, तुझी सख्खी बहीण. राखाडी टोपी घालून आली होती, ही एवढी. तिच्यामागं दोन माणसं लपली असती. मला शपथ घातली तिनं, याला सांगू नकोस म्हणून. आज मोडली. देव मला बघून घेईल. पण सबंध वसंत तू मला चोरासारखी हजेरी द्यायला लावलीस, ते पण त्यानं बघितलंय.”

मी म्हणालो, “खोटं. माझ्या बहिणीचा आवाज मी ओळखला असता.”

तेव्हा डीकन बकनर, जे आतापर्यंत छताकडे पाहत होते, ते म्हणाले, “मला पण नाही ओळखता आला, बाबा. मला वाटलं, लिओटानंच हजेरी दिली.”

सभा तेथेच संपली. इतिवृत्तात ‘उकाड्यामुळे’ असे लिहिले आहे.

ओडेसा, तुझा आवाज आईसारखा झाला, याची मला कोणी पूर्वसूचना दिली नव्हती. मी तो पंचावन्न नसतील तर पंचेचाळीस बायकांच्या तोंडात शोधला. तू आलीस, त्या बाकावर बसलीस, माझी पाठ आणि कोटाची गुंडी पाहिलीस, आणि पुन्हा गाडीत बसून निघून गेलीस. माझे घर तिथून दिसते. पडवीत दोन खुर्च्या असतात; त्या मी कोणासाठी मांडतो असा भलता तर्क करू नये, त्या जोडीनेच विकत मिळतात.

आता माझा संशय दुसऱ्या जागी वसतीला गेला आहे. जी स्त्री या हजेरीवर थुंकून गेली, ती साडेपाचशे मैल गाडी हाकून इथे येते आणि सर्वांआधी ‘हजर’ म्हणते, ते कशासाठी? तू हजेरी दिलीस की तिची नक्कल केलीस? नक्कल केली असशील, तर तुझ्या नकलेने आईचे नाव अधांतरी गेले, हे तुला माहीत आहे का? की माहीत असूनच?

उत्तराची अपेक्षा आहे. कारखान्याच्या चित्राची नाही.

एरॅस्मस

२८ जुलै

ओडेसा,

उत्तर नाही. पोस्टकार्ड नाही. दूरध्वनी तर तू आता ‘हॅलो’ न म्हणताच ठेवतेस. पत्रे तुला पोचतात की शेजारीण वाचते, की तू ती चुलीत घालतेस, याचा मला पत्ता नाही. तरी लिहितो, कारण आठ ऑगस्ट येत्या गुरुवारनंतरच्या गुरुवारी आहे आणि हिशेब तुझ्यासमोर मांडणे माझे कर्तव्य आहे.

मी बोललो आणि तूही बोललीस, तर आईचे नाव गळते. मी गप्प राहिलो आणि तू आली नाहीस, तर आईचे नाव गळते. मी बोलावे आणि तू येऊच नये, किंवा आलीस तरी तोंड मिटून बसावे, हा मार्ग सुरक्षित आहे. डीकनना तो मान्य आहे. व्हर्बिना तर म्हणाली, “तू बोलून मोकळा हो. ती यायची नाही. एकदा आली हेच नवल.” ती मला उपकारकर्तीसारखे सल्ले देऊ लागली आहे, हे मला कटाहूनही भयंकर वाटते.

तथापि मी गप्प बसणार आहे.

याला त्याग समजू नये. हा सापळा आहे. मी तोंडात पेपरमिंटची गोळी ठेवून पहिल्या बाकावर बसेन आणि वळून पाहणार नाही. तुझे ‘हजर’ खरे असेल, तर ते पुन्हा येईल. ते नक्कल असेल, तर आईचे नाव या गावातून तू पुसलेस. आणि मी बोललो नाही म्हणून मीही. मग आपण दोघे निदान एका गोष्टीत सहभागी होऊ.

तू येतेस की नाही हे मी विचारत नाही. मला तुझ्या ‘येते’वर विश्वास नाही, आणि ‘येत नाही’वर तर मुळीच नाही.

एक शुष्क तांत्रिक बाब जाता जाता. डीकन जे वाक्य वाचतात, त्यात बदल करता येत नाही. ते पिढ्यांचे आहे. पण हजेरी देणाराने ‘हजर’ या शब्दापुढे आणखी काही म्हणावे की म्हणू नये, याविषयी नियम पूर्णपणे मौन आहेत. अध्यक्ष या नात्याने मी खात्री करून घेतली. आजवर कोणी काही म्हटलेले नाही, कारण सर्वांना भूक लागलेली असते. सहज कळवले.

एरॅस्मस

१४ ऑगस्ट

ओडेसा,

तू मागे होतीस, म्हणून तुला फक्त आमच्या टोप्या दिसल्या. पुढे काय घडले त्याचा अहवाल समितीतर्फे सादर करतो.

डीकननी पहिल्यांदा पुकारले. “लिओटा रेनफ्रो.” मी गोळी गालात सरकवली. छतावरचे पंखे ऐकू येऊ लागले. मिस पर्लचा हातातला पंखा थांबला.

दुसऱ्यांदा पुकारले. व्हर्बिना माझ्यामागेच होती. तिने माझ्या पाठीत बोट खुपसले. “उठ ना रे दगडा! आईचं नाव आहे!” मी उठलो नाही. माझे गुडघे उठू पाहत होते. मी त्यांच्यावर दोन्ही हात ठेवून बसलो. 

मग डीकननी तिसऱ्या हाकेपूर्वी पाण्याचा पेला उचलला. गावात कोणालाही आठवत नाही, की त्यांनी हजेरीच्या मध्यात कधी पाणी प्यायले. त्यांनी ते घोट-घोट प्यायले. पेला ठेवला. पुन्हा उचलला, तो रिकामा होता, तरीही प्यायले. आणि मग, आता आणखी काही पिता येत नाही असे पाहून, अगदी हळू म्हणाले, “लिओटा रेनफ्रो. जिल्हा इस्पितळातील पहिली कृष्णवर्णीय परिचारिका.”

ओडेसा, त्या क्षणी मी तुझ्याविषयी जे विचार केले, ते लॅटिनमध्येही लिहिता येणार नाहीत. मी माझे तोंड उघडले होते. हे कबूल केलेच पाहिजे असे नाही, पण व्हर्बिनाने पाहिले आहे. गोळी बाहेर पडली ती त्यामुळे.

आणि स्वयंपाकघराच्या बाजूने, जिथून मटणाची पातेली आत येतात त्या दारातून, आईचा आवाज आला.

“हजर. मागच्या दारानं.”

तुला वाटले असेल, सगळे गप्प झाले ते रागाने. मी समोर होतो. मी डीकनचा चेहरा पाहिला. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, एकदाच. मग मिस पर्ल, जी नव्वदीची आहे आणि जिने त्याच इस्पितळाच्या धोबीखान्यात जन्मभर चादरी धुतल्या, ती बसल्या जागी ओरडली, “खरंय! मी दार उघडायची तिला! सांग, लेकी, सांग!” त्यावर गायकवृंदातून कोणीतरी, “मग! सांग की!” आणि मग सगळीकडून.

पुढचे तुला ठाऊक आहे, कारण तू तोवर दारातून आत येऊन भिंतीला टेकली होतीस. डीकननी पुढचे नाव पुकारले, पहिला टपालवाला, आणि व्हर्बिना आजोबांसाठी उठून म्हणाली, “हजर. आणि गोऱ्यांच्या आळीत त्यांना कधी पत्रं वाटू दिली नाहीत!” पहिल्या शिक्षकाचे घर उठले : “हजर. फाटकी पुस्तकं शिकवून!” कचेरीत मत देणाऱ्याचा नातू उठला : “हजर. आणि त्याच आठवड्यात त्यांची नोकरी गेली!” दर नावाला एक ‘हजर’ आणि एक दार. नुसता ‘हजर’ म्हणून खाली बसायला कोणी तयार होईना. समितीच्या इतिहासात एवढी लांब हजेरी झाली नव्हती. मटण पूर्ण थंड झाले. तक्रार एकाच माणसाने केली, ज्याने ते पहाटेपासून भाजले होते त्याने. आणि त्याचीही दुसऱ्या ताटानंतर मिटली.

आईचे नाव राहिले. एक आवाज, एक घर. डीकननी मला नंतर विचारले, पुढल्या वर्षी आवाज कोणाचा? मी सांगितले, घर ठरवील.

तू तीन दिवस इथे राहिलीस, त्यात आपण इस्पितळाविषयी, मिशिगनच्या हिवाळ्याविषयी आणि माझ्या पडद्यांविषयी बोललो. मुख्य प्रश्न मी शेवटच्या सकाळी विचारला; तू भांडी घासत होतीस.

“गेल्या वर्षी आली होतीस ती कशासाठी?”

“गप्प बसायला.”

“म्हणजे?”

“म्हणजे ऐकायला आले होते, तुम्ही तिला अजून कसं पुकारता ते. ऐकायचं, चिडायचं आणि परत जायचं, असा बेत होता. तोंड ऐकेना. आता मी काय करू?”

“आणि माझी पत्रं? पहिलंच पान वाचलंस ना?”

तू नळ मोठा सोडलास आणि म्हणालीस, काही ऐकू येत नाही. चौथ्या पत्रातली तांत्रिक बाब शेवटच्या पानावर होती. तू ती वाचली नव्हतीस, तर ‘मागच्या दारानं’ कोठून आले? स्वतःहून सुचले, असे तू म्हणतेस. मला तसे वाटत नाही. मी याचा शोध चालू ठेवीन.

तूर्त एक निकडीचा विषय. तुला रात्री थंडी वाजते म्हणून तू बैठकीच्या खिडकीतल्या एसीचे बटण काढून ठेवलेस. ऑगस्टमध्ये, केंटकीत, थंडी! ते बटण तू कोठे ठेवलेस? मी साखरेच्या डब्यात पाहिले, खिडकीच्या फटीत पाहिले, तू नीटनेटका करून गेलेला खण तर अजून लावतो आहे. ते नसेल तर यंत्र फक्त घरघर करते आणि कोमट वारा सोडते. मी पक्कड लावून दांडी फिरवण्याचा यत्न केला, दांडी वाकली. व्हर्बिना म्हणते की तू ते पर्समध्ये घातलेस, आणि अधिक विचारले तर ती पुन्हा शपथेचे नाव सांगते. आज सावलीत पस्तीस अंश आहे आणि मी हे पत्र ओल्या बनियनवर बसून लिहितो आहे. बटण पाठव.

एरॅस्मस